तेवढा चहा घेऊन या

धाराशिवला कोर्टासमोरच्या गाळ्यात एक जण कॉम्प्युटर दुरुस्त करतो. टरबूज बघावं तसं आधी स्पीकर बोटानं वाजवतो, कान लावतो आणि मशीनला दटावतो, "बोल की रं, सर आलेत." मग मला म्हणतो, "लई किचकट दिसतंय, सर. तेवढा चहा घेऊन या."

दर दोन महिन्यांनी माझ्या कॉम्प्युटरवरचे व्हिडिओ मुके होतात. चहा पिऊन येईतो आवाज सुरू झालेला असतो. काय झालं होतं विचारलं, तर म्हणतो, "आतलं होतं, सर." पैशाचं काढलं की हातानंच नको म्हणतो.

परवा टपरी बंद होती, म्हणून लगेच परतलो. काचेतून तो दिसला. त्यानं पडद्याच्या कोपऱ्यातल्या, फुली पडलेल्या स्पीकरच्या खुणेवर एकदाच क्लिक केलं. आवाज आला. त्यानं तो बारीक केला आणि हाताची घडी घालून माझी वाट बघत बसला.

म्हणजे दरवेळी आवाज मीच बंद करत होतो. पोराचं गणित चुकलं की त्याला वर्गापुढं उभं करण्यात माझी सगळी मास्तरकी गेली. मी गुपचूप मागं फिरलो आणि चौकापर्यंत एक फेरी मारून आलो.

"झालं का?"

"झालं, सर. लई आतलं होतं."

काल शेजारच्या अण्णांनी बोलावलं. नातवाच्या बारशाचा व्हिडिओ दिसत होता, पण ऐकू येत नव्हता. मी वाकून बघितलं. स्पीकरच्या खुणेवर तीच फुली.

"लई किचकट दिसतंय, अण्णा," मी म्हणालो. "तुम्ही तेवढा चहा टाका."