कुत्र्याशी बोलतात तसं

जर्मन शिकायला एकटीच परदेशी गेले, तेव्हा एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी मी खोली घेतली होती. बाई माझ्याशी मोठ्याने आणि तुकड्यातुकड्यांत बोलायच्या. "तू. ताट. धुणे." मी नुसती मान डोलवायचे. परक्या घरात राग गिळायला आपण फार लवकर शिकतो.

एका सकाळी खिडकीतून त्या अंगणात दिसल्या. कुत्र्याला सांगत होत्या, "काल पाऊस पडला नसता, तर आपण नदीपर्यंत गेलो असतो, नाही का रे?" अख्खं, सुरेख वाक्य! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भाषा येत नाही म्हणजे माणसाला अक्कलही नाही, असं किती सहज धरून चालतात! इथे येण्यापूर्वी मी शाळेत मराठीचं व्याकरण शिकवत होते.

मी तशीच खाली गेले आणि म्हणाले, "कुत्र्याशी बोलता, तसं माझ्याशी बोला." क्रियापद चुकलं असेलही, पण आवाज कापला नाही.

बाई लालबुंद झाल्या. माझा उर्मटपणा, न्हाणीघरातलं पाणी, उघडी राहिलेली खिडकी, सगळ्यावरून त्यांनी मला एका दमात झाडलं. निम्मं मला कळलं नाही, पण एकही वाक्य तुटकं नव्हतं. मीही मागे हटले नाही, येईल तशा जर्मनमध्ये कडाकडा भांडले.