स्वयंपाकघरातली साक्ष

परदेशी मिशन ट्रिपला निघालेल्या प्रत्येकाला रूथबाई आधी त्याच्याच घरच्या स्वयंपाकघरात उभं करायच्या. आई भाकरी थापतेय, बाप भिंतीला टेकून बसलाय, आणि त्यांच्यासमोर पोरानं आपली साक्ष सांगायची, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते. बाई उंबऱ्याशी बसून ऐकायच्या. "तिकडं कुणीबी ऐकून घेईल. ज्यांनी तुला रोज बघितलंय, त्यांच्यापुढं बोल."

बाई शिरूरच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. दर शनिवारी एसटीनं दौंडला आमच्या चर्चमध्ये यायच्या. हंगामात पोरांना पाटसकडं ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवर, नेऊन सोडायच्या. तिथं उपदेश बंद. पाणी भरायचं, पोरं सांभाळायची, देतील ते खायचं. एकानं पोचल्या पोचल्या बायबल काढलं, तर म्हणाल्या, "ठेव बाबा. आधी हंडा उचल. प्रभू काय पळून चालला न्हाई."

मी त्यांचा मदतनीस. पोरांना इंग्रजी शिकवायचो आणि त्यांच्या साक्षी इंग्रजीत बसवून द्यायचो.

केनियाला जाणाऱ्यांत एस्तेर होती. तिचे वडील शमुवेलआप्पा रेल्वेतले निवृत्त गँगमन. ती दहावीला नापास झाली तेव्हा घरी जायच्या भीतीनं स्टेशनवर बसून राहिली होती. आप्पा शोधत आले, एक शब्द बोलले नाहीत, सायकलवर बसवून तिला भेळ खायला घेऊन गेले. "क्षमा म्हणजे काय ते मला त्या भेळेच्या गाडीपाशी कळलं," असं ती स्वयंपाकघरात म्हणाली, तेव्हा आप्पा उठले आणि भरलेल्याच माठात पाणी ओतायला लागले. "झालं," बाई म्हणाल्या. "हेच घेऊन जा."

मला ते फार लहान वाटलं. मागच्या खेपेला एका पोराच्या दारू सुटल्याच्या साक्षीवर तिकडची मंडळी रडली होती, आणि आम्हाला पुन्हा बोलावणं आलं होतं. भेळेवर कोण रडणार? इंग्रजी करताना मी आप्पांना दारुडं केलं. मारझोड घातली, मग लेकीच्या प्रार्थनेनं सुटका घातली.

"सर, आप्पांना कळलं तर?"

"केनिया कुठं, दौंड कुठं?" मी म्हणालो.

तिची साक्ष तिथल्या कुणी मोबाइलवर टिपली. ती इथं परतायच्या आत व्हिडिओ दौंडला पोचला. शेजाऱ्यांनी आप्पांना मराठीत अर्थ सांगितला. शनिवारी ते चर्चच्या दारात उभे राहिले.

"बाई, मी एकदाच, मेव्हण्याच्या लग्नात घेतली होती. तेच पोरीच्या मनात बसलं का वो? घरात ती भेळेचं बोलली. माझ्या तोंडावर एक आन् माघारी एक. खरं कुठलं?"

"तिलाच विचारा की आप्पा."

"विचारायची छाती न्हाई. व्हय म्हणली तर?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी खुर्च्या लावत होतो, लावतच राहिलो. मग त्या म्हणाल्या, "शिकवणारी मी. चुकलं ते माझं."

त्यानंतर बाई दौंडला आल्या नाहीत. एस्तेरनं परतल्यावर तोंड उघडलं नाही, कारण मी तिच्या पाया पडलो होतो. पुढं ती नोकरीसाठी सणसवाडीला खोली घेऊन राहिली. बाप-लेक सणाला भेटत, जेवत, बोलत मात्र नसत. शिरूरला बाईंना भेटायला मी दोनदा निघालो आणि दोन्ही वेळा स्टँडवरूनच मागं फिरलो.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. कबरीवर माती टाकताना आप्पा माझ्या शेजारीच होते. तिथंही माझ्याच्यानं बोलवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांच्या घरी गेलो आणि स्वयंपाकघरात उभा राहून सगळं सांगितलं. उंबऱ्याशी कुणी नव्हतं.

आप्पांनी मला शिवी दिली नाही. एवढंच विचारलं, "म्हंजी तिला तसं वाटत न्हवतं?"

"नाही आप्पा. कधीच नाही."

त्यांनी मोबाइल घेतला. नंबर लागेना. मी हात पुढं केला, तसा त्यांनी फोन छातीशी ओढून घेतला आणि पुन्हा स्वतःच लावला.

"एस्तेर... न्हाई, बरा हाय मी. रविवारी सुट्टी हाय का गं? भेळ खायला जाऊ."

मग माझ्याकडं पाठ करून ते लेकीचं ऐकत राहिले. मी चपला घालून बाहेर पडलो.