तीनच साथीदार

समोर जे काही असेल ते पंज्याने बाजूला सारायचं, मोकळ्या झालेल्या जागेवर दोनदा थोपटायचं आणि म्हणायचं, "बस, जागा हाय." ही काकींची सवय. समोर माणूस असो नाहीतर पत्ता, त्यांना फरक पडत नसे.

काकी आमच्या घरमालकीण. तळवली गावात, शेती गेल्यावर उरलेल्या तुकड्यावर त्यांच्या यजमानांनी चार मजली इमारत बांधली होती. यजमान गेले, मूलबाळ नव्हतं, राहिले ते भाडेकरू. नवी मुंबईत भाड्याने राहिलेल्या तुम्हा कुणालाही अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट ठाऊक असेल. बारावा महिना आला की भाडं तरी बदलतं नाहीतर घर तरी. काकींच्या इमारतीत मात्र अकरा महिने कधी संपतच नसत. तळमजल्यावरचे शिंपी मास्तर जिन्याचं सिमेंट ओलं असल्यापासूनचे, त्यांच्या चपलेचा ठसा पहिल्या पायरीवर तसाच होता.

मी आणि निलेश दुसऱ्या मजल्यावर एकत्र राहायचो. दोघांची नोकरी महापेला, आणि रविवारी दुपारी पत्ते. रमी-बिमी नव्हे. या खेळात खेळणारे सगळे एका बाजूला आणि शत्रू म्हणजे खेळातलेच पत्ते. जिंकलो तर सगळे, हरलो तरी सगळे. प्रत्येकाचा एक नायक असतो. त्याला लागणारी शस्त्रं, रसद, साथीदार असे पत्ते निवडून प्रत्येकाने आपला डेक आधी बांधायचा. शस्त्रांवर माझा फार विश्वास.

एकदा आमचा आरडाओरडा ऐकून काकी वर आल्या.

"कोन कोनाला मारतंय?"

"आम्ही दोघं मिळून राक्षसाला."

"मंग हरतंय कोन?"

"आम्हीच."

काकी पलंगावर बसल्या. "मना पन दे पत्ते."

त्यांनी तलवारी, ढाली, जादूच्या अंगठ्या एकेक करून मला परत केल्या आणि फक्त माणसं ठेवली. पत्त्यांवरची इंग्रजी नावं त्यांनी पहिल्याच दिवशी रद्द केली. भाला घेतलेला दाढीवाला बुटका म्हणजे मास्तर. जखमा बऱ्या करणारी बाई म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या सिस्टर. डेकमध्ये साथीदारच साथीदार, रसदीचा एकही पत्ता नाही. रसद मोजल्याशिवाय साथीदार उतरत नाहीत, त्यामुळे हातातलं कुणीच मैदानात येईना. काकी हातातल्या पत्त्यांकडे बघून खो खो हसल्या. "हलदीला सगला गाव बोलवला नि चुलीवर कायच नाय!"

रसद घातली. मग दुसरी अडचण आली. प्रत्येक खेळाडूसमोर तीनच साथीदार चालतात, चौथा आला की आधीच्यांपैकी एकाला काढायचं.

"घरात नवा मानूस आला म्हनून जुन्याला हाकलायचा? यो कसला नियम?"

"काकी, खेळाचा नियम आहे."

"नियम करनारा कदी भाड्यानं रायला नसंल."

शेवटी निलेशने छावणीचा पत्ता शोधून दिला. तो समोर असला की आणखी एक साथीदार ठेवता येतो. तो हाती आला की काकी एखाद्या मुलाचं लग्न ठरावं तशा खूश होत.

त्यांच्या डेकची खरी खोट निराळी होती. साथीदारांचा मोठा उपयोग असा, की शत्रूचा घाव आला की त्यांना पुढे करायचं, म्हणजे नायक वाचतो. काकी कुणालाच पुढे करत नसत.

"काकी, मास्तरांना पुढे करा. पत्ता आहे तो."

"त्याला दमा हाय."

घाव काकींचा नायक सोसायचा आणि आम्ही हरायचो. मी चिडायचो, पण त्या रविवारी आल्या नाहीत तर मला करमत नसे, हेही खरं.

एका रविवारी डाव चालू असताना काकींचे पुतणे आले. इमारत पाडायची, बिल्डरला द्यायची, त्यासाठी काकींची सही हवी होती. माणसं सभ्य होती, चहा घेऊन बोलली. काकी म्हणाल्या, "माज्या मागं तुमचंच हाय. मी हाय तवर नाय. माजी मानसं कुठं जातील?" पुतणे गेले. आम्ही पत्त्यांत डोकं घातलं. काकींची माणसं म्हणजे आम्हीच होतो.

खेळातला शेवटचा सरदार आम्हाला कधीच हरवता आला नव्हता. त्या दिवशी त्याचा मोठा घाव काकींवर आला. समोर सिस्टर होत्या, मास्तर होते. काकींनी नेहमीप्रमाणे आपला नायक पुढे केला आणि तो पडला.

"आता तुमी दोगं आनि माजी मानसं मिलून मारा त्याला," त्या म्हणाल्या.

निलेशने नियमांचं पुस्तक उघडलं. "तसं नाही काकी. नायक पडला की त्याचे साथीदारही जातात."

काकींचा हात पत्त्यांवर तसाच राहिला. "मी उठली तर ही पन उठनार?"

"हो."

त्यांनी पत्ते गोळा केले आणि चहा न पिताच खाली गेल्या.

पुढच्या रविवारी आल्या त्या सरळ पत्त्यांच्या खोक्याकडे. "कोनाचं मानूस कोनाला देता येतं, असा पत्ता हाय काय?" होता. आपला साथीदार दुसऱ्या खेळाडूच्या हवाली करायचा पत्ता. आम्ही तो निरुपयोगी म्हणून बाजूला टाकला होता. स्वतःचा चांगला साथीदार देतं कोण? काकींनी त्याच्या सगळ्या प्रती घेतल्या. सरदार आला तसे मास्तर माझ्याकडे आले, सिस्टर निलेशकडे. आमच्यासमोर जागा होतीच, आम्ही माणसं ठेवतच नव्हतो. मग काकींचा नायक पडला आणि दोन फेऱ्यांत आम्ही जिंकलो. निलेश पलंगावर चढून नाचला. काकींपुढे आता एकही पत्ता नव्हता. त्या समोरच्या मोकळ्या जागेवर हात फिरवत आमच्या पुढ्यातले पत्ते बघत होत्या.

त्यानंतर काकी दुपारच्या छत्री घेऊन बाहेर जाऊ लागल्या. नातेवाइकांकडे जातात, एवढंच आम्हाला माहीत होतं. दवाखान्याच्या खेपाही त्यातच होत्या, हे नंतर कळलं. दिवाळी झाली आणि काकी गेल्या.

महिनाभराने पुतण्यांनी प्रत्येक दारावर येऊन, वाईट वाटून घेऊ नका म्हणत, घरं रिकामी करायला सांगितलं. मी मोबाइलवर खोल्या शोधायला लागलो. तेवढ्यात काकींची भाची आली आणि मास्तरांना म्हणाली, "खोली तयार हाय. शिलाई मशीन दाराशी बसंल, उजेड हाय." सिस्टरना वाशीहून काकींच्या नणंदेचा फोन आला. निलेशची सोय कामोठ्याला, काकींच्या भावाकडे. माझी भाचीकडेच, मास्तरांच्या वरच्या खोलीत. काकी एकेकाला एकेकाच्या हवाली करून गेल्या होत्या. मी जिन्यात, मास्तरांच्या ठशाशेजारी बसून रडलो.

परवा रविवारी निलेश कामोठ्याहून आला. खोका उघडला, काकींच्या डेकमधले साथीदार दोघांनी वाटून घेतले. मास्तर खाली मशीन चालवत होते. भाची चहा घेऊन आली आणि उभ्यानेच पत्ते बघत राहिली.

"ह्यात माजी मावशी कुठली?"

निलेश माझ्याकडे बघायला लागला. काकींचा नायक खोक्यात होता. मी तो काढून तिच्या हातात दिला आणि पसरलेले पत्ते बाजूला सारले.

"बसा," मी म्हणालो, "जागा आहे."