खडूची खिडकी

“पुन्हा खिडकी? आत्या, आपलं ठरलं होतं!”

“तुझं ठरलं होतं. मी नुसती मान हलवली.”

“मान हलवली म्हणजे हो म्हणालीस!”

“अरे, शिलाई मशीनवर बसलेल्या बाईची मान हलतच असते.”

भाचा घरं विकून द्यायचा, आणि त्याचं चुकत नव्हतं. दोन वर्षांनी आत्या हे घर विकून भावाकडे राहायला जाणार होती. छताची गळती थांबवली, भिंतींची ओल काढली, नळ बदलले; तो पैसा विकताना परत येतो. “पण या गल्लीतल्या घरांचा भाव ठरलेला आहे. तू राजवाड्याची खिडकी बसव, घेणारा दमडी जास्त देणार नाही.”

आत्याचा सगळा जन्म या मागच्या खोलीत, दिवसाढवळ्या दिवा लावून कपडे शिवण्यात गेला. काळ्या कापडावर काळा दोरा चालवताना ती सरळ डोळे मिटायची. उघडे ठेवून तरी काय दिसणार! मशीनसमोरच्या भिंतीवर तिने कापडाच्या खडूने एक चौकोन आखला होता. कापायच्या आधी आखायचं, ही हाताची खोडच. काम थांबलं की ती त्या चौकोनातून बाहेर बघत बसे. भिंतीपलीकडची झाडं आत येत, खडूच्या रेघा वाऱ्याने पडद्यासारख्या हलत. एकदा भर दुपारी तिने मशीन ओढून तिरपं केलं. म्हणाली, ऊन डोळ्यांवर येतंय.

आजच्या भांडणाला निमित्त झाला रंगारी. “सगळं घर पांढरं कर, कुणालाही चालेल असं,” भाच्याने त्याला बजावलं होतं. दोघं बघायला आले, तर खोली पांढरीशुभ्र आणि मधोमध तो मळका चौकोन जसाच्या तसा. रेघेवर रंगाचा थेंब नाही.

“हे काय ठेवलंस?”

“खिडकीची खूण ना ती?” रंगारी म्हणाला. “फोडायच्या भिंतीवर रंग कशाला घालवू? तुम्हीच म्हणालात, खर्च बेताचा.”

आत्या फसकन हसली, आणि तिथून जे सुरू झालं ते थांबेना.

“हसू नकोस! दोन वर्षांसाठी खिडकी?”

“दोन वर्षांत किती सकाळी उजाडतात रे?”

“पैसे परत येणार नाहीत, आत्या.”

“नको येऊ देत. जन्मभर लोकांच्या मापाचं शिवलं. वर शिवणीत कापड सोडलं, पुढे कुणाला सैल करता यावं म्हणून. आता घरही पुढच्याच्याच मापाचं?”

रंगारी ब्रश धूत पुटपुटला, “उरलेल्या कामाला गवंडी उद्या येतोच आहे. बाहेरूनही खूण केलेली बरी, भिंत सरळ फुटते.”

“तू गप रे!” भाचा ओरडला. मग आवाज उतरवून म्हणाला, “आत्या, एवढंच सांग. विकताना मी या खिडकीचं काय सांगू लोकांना?”

आत्याने मशीनच्या खणातून खडू काढला, त्यावरची धूळ फुंकली, आणि ती दाराबाहेर पडली, भिंतीच्या पलीकडच्या बाजूला.