टरफलासकट

मेडिकलवाल्या सुनंदाताईंनी गिऱ्हाईक थांबवून माझं ऐकलं. लस टोचल्यावर माझ्या तान्हीच्या मांडीत गाठ आली होती. डॉक्टरांना दाखवलं होतं, पण लेक बरी होईल का, या धास्तीनं मला घास उतरत नव्हता.

"केवढी गाठ?"

"शेंगदाण्याएवढी."

"सोललेला की टरफलासकट?" त्यांनी विचारलं आणि लशीनंतरच्या त्रासाची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कचेरीला कळवायला लिहून घेतलं.

"तक्रार केली म्हणून पुढची लस नाकारतील का हो?"

"तक्रार कुठली गं? नुसतं कळवायचंय. लशीमुळंच झालं का, ते तपासणारे बघतील."

सातवीत शाळा सुटली, मग गावही सुटलं. तेव्हापासून शंका विचारणं मला भांडण उकरल्यासारखंच वाटतं. अशा किती शंका माझ्यासारख्या बायकांनी गिळल्या असतील. गाठ अजून आहे, धास्तीही आहे. पण ताई, तुम्ही माझी शंका ऐकून घेतलीत; तुम्ही कधी अंथरुणाला खिळलात, तर उशाशी मी बसेन.