इसहाकचाचांनी विमानाचं तेल बदललं

रेवदंड्याच्या इसहाकचाचांनी उभ्या हयातीत लाँचच्या इंजिनाशिवाय दुसरं इंजिन उघडलं नव्हतं. चौतीस साली एक गोरा साहेब किनाऱ्यावर विमान घेऊन उतरला आणि इंजिनाचं तेल बदलायला त्यांनाच बोलावणं आलं. भरतीच्या आत विमान उडायला हवं होतं.

"आधी इंजिन चालवा, सायेब. थंड तेल गाळासकट आतच बसून ऱ्हातं," चाचा म्हणाले. साहेबाला पटलं. इंजिन तापवून बंद केल्यावर चाचांनी बूच काढलं, काळं तेल पातेल्यात उतरवलं, बूच आवळून नवं तेल भरलं. साहेब शहाळं प्यायला वाडीत गेला. जुनं तेल मासेमारीच्या मचव्याच्या लाकडी बुडाला चोपडायची चाचांची सवय. त्यांनी विमानाच्या पोटालाही तेच चोपडायला घेतलं.

"अवो, ह्यो आपला मचवा न्हाय," पातेलं धरून उभी असलेली त्यांची बायको मासूमाचाची म्हणाली.

"लाकूडच हाय ना? कीड लागल त्याला."

साहेब परतला तेव्हा अर्धं पोट काळं झालं होतं आणि पाणी चाकांना लागलं होतं. पुसायला वेळच नव्हता. तो दातओठ खात उडाला.

चाचा वर बघत हळहळले, "अर्धंच ऱ्हायलं गं. भरतीनं घात केला."