नव्या धोतराचा ढोल

प्रिय ईरा आणि निखिल,

मागच्या महिन्यात फोनवर निखिल सांगत होता की शाळेच्या बँडचा हंगाम सुरू झाला आहे आणि तुमचे आई-बाबा दर शनिवारी बाकीच्या पालकांबरोबर वाद्यं ट्रकमध्ये चढवायला जातात. "आजी, तुमच्याकडे तेव्हा असलं काही नसेल ना?" असं त्याने विचारलं. मी उत्तर देणार, तेवढ्यात तुम्हाला जेवायला हाक आली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी राळेगावहून विमलचा फोन आला. "मावशी, माय गेली. सकाळी चहा मागतला, अर्धा पेली, अन् भिंतीले टेकून बसली ते बसलीच..." रडू येण्याआधी मला हायसं वाटलं, हे स्पष्टच लिहिते. विमलच्या आईला, सुभद्राबाईंना, मरणाची भीती नव्हती, अंथरुणाला खिळण्याची होती. ती वेळ त्यांच्यावर आली नाही. आता जरा मन निवलं आहे, म्हणून निखिलच्या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसले आहे. ते उत्तर म्हणजे सुभद्राबाईच.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. तुमचे आजोबा राळेगावच्या दवाखान्यात डॉक्टर होते. मी नागपूरला इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, आणि गावात माझ्या शिक्षणाचा फारसा उपयोग नव्हता. शाळेत मुलींचं बँडपथक काढायचं ठरलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी पालकांना बोलावून सांगितलं की वाद्यं शाळा देईल, बाकी सगळं तुम्ही बघायचं. मी लगेच उत्साहाने कामाचं वेळापत्रक करून शाळेच्या दारावर लावलं. सरावाला मुलींबरोबर कोणी थांबायचं, गूळ-शेंगदाणे कोणी आणायचे, पांढरे बूट खडूने कोणी रंगवायचे. ते वाचून एक उंच, सावळ्या बाई पदर खोचत म्हणाल्या, "डाक्टरीनबाई, तुमचा कागद लय चांगला हाय. पण माही म्हैस त्या टायमाले दूध देत नाई, तिले वाचून दाखवा न एकडाव." सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. त्या सुभद्राबाई. त्यांनी माझं वेळापत्रक एकदाही पाळलं नाही आणि एकही सराव चुकवला नाही.

त्यांची विमल मोठा ढोल वाजवायची. तुमची आई बासरी वाजवायची. तिने हे तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. ढोल विमलच्या गळ्यात अडकवला की मागून फक्त तिच्या वेण्या आणि पाय दिसत. तिच्या वडिलांना, दत्तूजींना, हे मुळीच पसंत नव्हतं. कापसाची शेती करणारा, कमी बोलणारा माणूस. "पोरीच्या जातीनं गळ्यात ढोल अडकवून शहरातून फिराव काय?" असं ते म्हणत. शेवटी सुभद्राबाईंच्या हट्टापुढे ते एका अटीवर कबूल झाले. यवतमाळला सव्वीस जानेवारीच्या संचलनात ते स्वतः उभे राहून बघणार. लोक हसले, तर ढोलही बंद आणि विमलची शाळाही बंद. सुभद्राबाईंनी मला हे कपडे शिवताना सांगितलं, सुईवरून नजर न काढता. "मी सहीपुरतीबी शिकली नाई, बाई. ते पोट्टी तरी शिकली पाह्यजे."

यवतमाळला मुली एसटीने गेल्या आणि वाद्यं दत्तूजींच्या बैलबंडीतून, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, काड्यांच्या मोळ्यांवर पोती अंथरून. मुक्काम कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या आवारातल्या रिकाम्या शेडमध्ये होता. सव्वीसच्या सकाळी इतकी थंडी होती की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. आम्ही काही आया त्याच काड्यांच्या शेकोटीवर पातेल्यात तांदळाची खळ करत होतो. कपड्यांना कडक खळ हवी, यावर मात्र सुभद्राबाईंचं आणि माझं पहिल्यापासून एकमत होतं. विमलने ढोलावर टिपरू मारलं, तर आवाज आला ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. दवाने कातडं सैल पडलं होतं. सुभद्राबाई म्हणाल्या, "इतकंच न?" आणि त्यांनी ढोल उचलून शेकोटीपाशी आडवा टेकवला. गावात लग्नाआधी डफडं शेकतात, तसा. त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. हळूहळू आवाज खणखणीत होऊ लागला. मग विमलच्या वेण्या घालायच्या राहिल्या होत्या, म्हणून त्या तिकडे वळल्या. डफडं हातात धरून, फिरवत शेकतात. हा ढोल जड, तो तिथेच राहिला... आणि पऱ्हाटीची आग भडकते, हे कापूसवाल्या बाईला काय सांगायचं! एक फट्दिशी आवाज झाला. आगीकडचं कातडं काठापासून काठापर्यंत उभं फाटलं होतं.

 सुभद्राबाई जमिनीवर बसल्या. विमलची एक वेणी घातलेली, एक सुटी. "मी माह्या हातानं जाळली पोरीची शाळा," एवढंच त्या म्हणाल्या, आणि नेमके तेव्हाच दत्तूजी बैलांना पाणी दाखवून आले. त्यांनी ढोलाकडे पाहिलं, शेकोटीकडे पाहिलं, मग बायकोकडे. मला वाटलं, आता बंडी जुंपतील. ते खरंच बंडीकडे गेले. सुभद्राबाईंनी पदरात तोंड लपवलं. दत्तूजी परत आले, ते हातात गाठोडं घेऊन. त्यात संचलन बघायला नेसायचं म्हणून घरून आणलेलं कोरं, जाडंभरडं धोतर होतं, घडीही न मोडलेलं.

"फाड," ते म्हणाले.

"कायले?"

"कायले म्हंते! खळ हाय न पातेल्यात? बसव त्याच्यावर. रडाले मंग बस."

"नवं हाय जी ते."

"मंग जुनं फाडू काय? टिकन काय ते? धर इकून."

ढोलाच्या दोऱ्या सैल केल्या, कडं काढलं, धोतराचं चौपदरी कापड खळीत बुडवून ताणून बसवलं आणि पुन्हा कडं घालून दोऱ्या आवळल्या. ताणायला आम्ही सगळ्याच होतो, अगदी वकिलांच्या सौभाग्यवतीसुद्धा, बोटांना खळ माखून. मग वाळवायला तीच शेकोटी. या वेळी सुभद्राबाईंनी ढोलाची एक बाजू धरली, दत्तूजींनी दुसरी, आणि दोघं मिळून तो विस्तवावर फिरवत बसले. "लांब धर," "जवळ घे," एवढंच बोलणं. विमलला आम्ही पढवलं की उजव्या, चामड्याच्या बाजूनेच वाजव, डावीकडे टिपरू नेऊ नकोस. ती मान हलवत राहिली.

मैदानात आम्ही दोरीच्या मागे उभ्या होतो. दत्तूजी बाजूला, बैलांमागे चालून मळलेल्या जुन्याच धोतरात. मुली आल्या. पांढरे कपडे कडक, बूट पांढरे, आणि ढोल ठोके देत होता. आमच्या मागे कोणीतरी खिदळलं, "ढोल पाह्य अन् पोट्टी पाह्य!" सुभद्राबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की त्याचे वळ संध्याकाळपर्यंत होते. दत्तूजी मागे वळले. शांतपणे म्हणाले, "माही पोरगी हाय ते. सरक जरा, तुले दिसत नसन तं." तो माणूस सरकला. आणि त्याच क्षणी व्यासपीठासमोर विमल सगळं पढवलेलं विसरली. तिने दोन्ही टिपरं उचलली आणि उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे...  डाव्या बाजूचा आवाज खोल आला, थोडा भसाडा, पण आला. आणि येत राहिला. मुली वळणावरून दिसेनाशा झाल्या, तेव्हा दंडावरची पकड सुटली. सुभद्राबाई हसत होत्या आणि नाक पुसत होत्या. दत्तूजी म्हणाले, "चाल, बैल भुकेले असन." परतीच्या वाटेवर शाळेचं नावसुद्धा कोणी काढलं नाही. सोमवारी विमल दप्तर घेऊन निघाली, तेव्हा कळलं.

विमल पुढे शिकली, त्याच शाळेत शिक्षिका झाली. दत्तूजी लवकर गेले. सुभद्राबाई माझ्याकडे यायच्या, तेव्हा मी कधी ही गोष्ट काढली, की म्हणायच्या, "ढोल मी फोडला, अन् नाव झालं त्याइच्या धोतराचं." आणि पदराआड हसायच्या. त्या हसण्यात तक्रार नसायची.

तेराव्याला मी राळेगावला जाऊन आले. शाळेने पुढच्याच वर्षी ढोलाला नवं कातडं चढवलं होतं, आणि काढलेलं कापड सुभद्राबाईंनी धुऊन घरी आणलं होतं. जन्मभर त्यांनी ते पिठाच्या डब्यावर झाकलं. आताही तिथेच आहे. मधोमध विमलच्या टिपराचा काळपट डाग आहे, तो काही निघाला नाही. कापड फाटलेलं नाही.